डावीकडची काच

जाळी माशांच्या टाकीतून वर काढली तशी मादीने तोंड उघडलं आणि पिवळसर गोळ्या जाळीत सांडल्या. सायकलच्या छर्ऱ्यांएवढ्या. मला वाटलं, माशाचं काय दुखणं होतं ते बाहेर पडलं. मादीला बादलीतल्या मिठाच्या पाण्यात सोडलं, गोळ्या पाण्यासकट वाटीत घेतल्या आणि गल्लीच्या टोकाला माशांचं दुकान आहे तिथे गेलो.

दुकानवाल्या बाई माझ्या बायकोच्या ओळखीच्या. वाटीत बघून त्यांनी कपाळावर हात मारला.

“काका, हे काय केलंत? ही अंडी आहेत.”

“तोंडात?”

“हे सिक्लिड जातीचे मासे तोंडातच उबवतात अंडी. तीन आठवडे मादी अन्नाला शिवत नाही. काकूंनी सांगितलं नव्हतं?”

सांगितलं होतं. बायको टाकीसमोर बसून माशांचं सांगत असायची आणि मी दाराशी पाण्याच्या टबात ट्यूब बुडवून पंक्चर शोधत असायचो.

“अहो, ऐकताय का? मादीने खायचं सोडलं तर तिला हात लावायचा नाही.”

“हूं.”

“हूं काय हूं! ट्यूबमधून बुडबुडा आला की कसे लगेच कान टवकारता. उद्यापासून मी पण बुडबुडेच सोडते.”

पुढे तिनेच खायचं सोडलं. भूक नाही म्हणाली. मी म्हटलं, बघू उद्या. अकरा दिवस मी तिला ‘बघू उद्या’ म्हणालो. बाराव्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, आधी का नाही आणलंत? त्याला आता दोन महिने होत आले. म्हणून मादी दोन दिवस खाईना तेव्हा मी तिसऱ्या दिवसाची वाट बघितली नाही. जाळी उचलली.

“परत तोंडात घेईल का?” मी बाईंना विचारलं.

“घाबरून थुंकलीय. आता घेतली तरी गिळून टाकेल. काकूंच्या बाकीच्या माद्या आहेत ना?”

“ही एकच उरलीय. तिघी माझ्या हातून गेल्या. पाणी बदलायचं राहून गेलं.”

बाईंनी वाटी उजेडात धरली. मग म्हणाल्या, “तीन वर्षं जोड्या लावत होत्या हो काकू. म्हणजे जे काय आहे ते या वाटीत आहे. आता तुम्हीच उबवा.”

“मी?”

“मादी दुसरं काय करते? अंडी तोंडात सारखी लोळवत ठेवते. एका जागी पडली की कुजतात. बाटलीत घाला, खालून हवा सोडा. लोळली पाहिजेत, उडायची नाहीत. पांढरं पडलेलं लगेच काढायचं, नाहीतर बुरशी शेजारच्याला धरते.”

हवेचं काम मला येतं. बाटली कापून उलटी केली, टाकीच्या हवेच्या नळीला सायकलचा जुना व्हॉल्व्ह बसवला आणि बाटली टाकीतच टांगली. आधी अंडी लाह्यांसारखी उडाली. व्हॉल्व्ह जरा आवळला तर साफ थांबली. केसभर सैल केला, तेव्हा सावकाश लोळायला लागली. मी माझं सायकलदुरुस्तीचं दुकान बंद ठेवलं आणि स्टूल घेऊन टाकीसमोर बसलो.

मादी टाकीत परत आली होती. तिचं तोंड रिकामं होतं, तरी जबडा तसाच हलत होता. नसलेली अंडी ती लोळवत होती. चार दिवस ते चाललं.

आणि रोज चार वाजता व्हायचं ते आता मला समोर बसून बघावं लागलं. बायको शाळेत मावशी होती. चारला घरी यायची, पिशवी खाली ठेवायची आणि आधी टाकीच्या डावीकडच्या काचेवर नखाने तीनदा वाजवायची. सगळे मासे तिथे गोळा व्हायचे. ती गेल्यावरही होतात. चार वाजले की वर तोंड करून डाव्या काचेशी येतात, चिमूटभर खाणं टाकायला लागेल तेवढा वेळ थांबतात आणि पांगतात. पहिल्यांदा मी मागे वळून पाहिलं होतं. दार बंद होतं. एकदा दुपारी मी स्वतः वाजवून बघितलं, तर सगळे दगडांमागे लपले.

आता मी वळायचं सोडलं. समोर बघतच सांगायचो, “अगं, आज दोन पांढरी पडली.” दुसऱ्या दिवशी, “आज एकही नाही.”

सतरा होती. आठवड्याने नऊ राहिली, त्यांना शेपट्या फुटल्या, मग डोळे दिसायला लागले. शेवटी पाच उरली. दुकानवाल्या बाई मुद्दाम बघायला आल्या.

“काका, पाच! काकूंचं पहिल्या खेपेला एकसुद्धा जगलं नव्हतं.”

“तिला सांगू नका हं,” मी म्हणालो, “चिडेल.”

दोघं हसलो. बाई पदराशी चाळा करत थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि गेल्या.

विसाव्या दिवशी पिल्लं पोहायला लागली, तेव्हा त्यांना चौकोनी बरणीत काढलं. बरणी टाकीच्या उजवीकडे ठेवली. मोठ्या नराला बघून बिचकू नयेत म्हणून मध्ये जाड पुठ्ठा उभा केला. पलीकडचं त्यांना काही दिसत नव्हतं.

चार वाजले. टाकीतले मासे डाव्या काचेशी गेले. मादीही गेली.

मी बरणीकडे पाहिलं. पाचही पिल्लं बरणीच्या डाव्या बाजूला, पुठ्ठ्याकडे, वर तोंड करून थांबली होती. त्यांनी तिला कधी पाहिलेलं नव्हतं.

मी उठलो आणि स्टूल भिंतीकडे सरकवलं. दारातून टाकीकडे यायच्या तिच्या वाटेतच इतके दिवस मी बसलो होतो.