ओडिलोच्या जागी

जानेवारीच्या पहिल्या गुरुवारी तिघं जण मेनाच्या दारात उभे राहून बुटांवरचं बर्फ झटकत होते, तेव्हाच तिला कळलं की हे काहीतरी मागायला आलेत. नुसती विचारपूस करायची असती तर एकेकटे आले असते.

बेआट पुढे होता. तीस वर्षं त्यानं खालून गावात येणाऱ्या, तारेवरच्या पाळण्याचं यंत्र चालवलं होतं, आणि अजूनही कुठल्याही दारातून आत शिरताना तो आधी मागे वळून कुणी राहिलं का ते बघायचा. त्याच्यामागे नोल्दी, सुतार, मेनाच्या नवऱ्याचा, ओडिलोचा भागीदार. शेवटी दाग्मार, मुलांना स्की शिकवणारी, तिघांत वयानं निम्मी.

मेनानं कॉफी ठेवली, राईचा पाव कापला. ओडिलोला जाऊन अडीच महिने झाले होते.

"कँडलमासला, दोन फेब्रुवारीला, खालच्या गावाबरोबर बर्फावरच्या दगडांचा सामना आहे," बेआट म्हणाला. "दरवर्षीचाच. पण आता आम्ही तिघंच उरलो. यंदा नाही म्हणून कळवावं, असं म्हणतोय. तुला न विचारता कळवणं बरं दिसलं नसतं."

"चौथा कुणी मिळत नाही?"

"तरुण सगळे लिफ्टवर नाहीतर हॉटेलात," नोल्दी म्हणाला. "आणि दगड ढकलायला कोण येतंय? त्यांना उड्या मारायच्या असतात."

मेनानं पावाचे तुकडे ताटलीत नीट लावले. त्रेचाळीस हिवाळे तिचा नवरा दुपारी दोन वाजता झाडू खांद्यावर टाकून बर्फाच्या मैदानावर जात होता आणि ती एकदाही तिकडे फिरकली नव्हती. चार मोठी माणसं एका दगडाच्या पुढे पुढे बर्फ झाडत पळतात आणि त्याला खेळ म्हणतात, हे ती चेष्टेनं साऱ्या गावाला सांगत आली होती.

"मी येते," ती म्हणाली.

नोल्दीनं विचारलं, "बघायला?"

"खेळायला."

का म्हणाली, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पण दोन ते चार ही वेळ तिला खायला उठत होती, एवढं खरं. शेवटचे दोन हिवाळे तिला दिवसभरात तेवढीच सुटका असायची. ओडिलो विसरायला लागला होता. आधी कुलपं, मग नावं, मग कुठला ऋतू चालू आहे तेसुद्धा. हे तिनं बाहेर कुणालाही कळू दिलं नव्हतं. रोज निघताना ती दारात त्याच्या कोटाची बटणं लावायची आणि त्याला पढवून पाठवायची. आज गुरुवार. नोल्दीचा मुलगा आलाय झ्युरिचहून, त्याला नमस्कार सांग. बेआटच्या बायकोचं ऑपरेशन झालंय, विचार कशी आहे. तो मान डोलवायचा आणि तिनं खिशात टाकलेलं तिकीट जपावं तसे ते दोनचार शब्द जपत निघून जायचा. मग ती खुर्चीत बसायची, कधी कधी नुसतीच.

दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू झाला. चर्चमागच्या त्या मैदानावर ऊन दोनलाच येतं आणि चारला डोंगराआड जातं. दगड वीस किलोचा. तो उचलायचा नसतो, मूठ धरून घसरवत सोडायचा असतो, आणि सोडताना आपणही त्याच्यामागे एका गुडघ्यावर घसरत जायचं असतं. मेना पहिल्या दिवशी चार वेळा आपटली.

"दगड सोडायचा, मेना," नोल्दी म्हणाला. "तू त्याच्याबरोबर चाललीस."

"तुमच्या दगडाला सोबत लागत असेल असं वाटलं."

पण झाडणं तिला जमलं. दगड येताना त्याच्या पुढचं बर्फ घासत गेलं की तो जरा लांब जातो, जरा सरळ जातो. जन्मभर फरशी घासलेल्या मनगटांना ते शिकवावं लागलं नाही. बेआट पलीकडच्या टोकाला, बर्फात रंगवलेल्या गोलात, कप्तानाच्या जागी उभा राहून खुणा करायचा. ती ओडिलोची जागा होती. पंधरा दिवसांत मेनाचे दगड गोलापर्यंत पोचायला लागले.

तिसऱ्या आठवड्यात तिच्या एक गोष्ट लक्षात आली. आपला दगड सुटला की दाग्मार दर वेळी मोठ्यानं हाक द्यायची: "लाल आला, आपला लाल." दगडांच्या मुठी लाल आणि पिवळ्या. उन्हात त्या चर्चच्या पायरीवरूनही दिसत होत्या.

"हे ओरडायचं कशाला?" मेनानं विचारलं. "बेआटला दिसत नाही का?"

दाग्मार थांबली. "सवय लागलीये."

"कसली सवय?"

दाग्मारनं नोल्दीकडे पाहिलं. नोल्दी झाडूच्या दांड्याकडे बघत राहिला. शेवटी बेआटच पलीकडून चालत आला आणि म्हणाला, "ओडिलोच्या लक्षात राहत नसे. आपले लाल की पिवळे. म्हणून ती सांगायची."

"कधीपासून?"

"दोन हिवाळे झाले. खुणा मीच इथून करायचो, तो तिथं उभा असायचा. गुण नोल्दी सांगायचा, हळूच."

मेना कडेच्या बाकावर बसली. झाडू तिनं मांडीवर आडवा धरला.

"आणि मला सांगितलं नाहीत."

"आम्हाला वाटलं, घरी ठीक असेल," बेआट म्हणाला. "तो अगदी ठीक बोलायचा की. हिल्डाचं ऑपरेशन झालं तेव्हा आल्या आल्या विचारलं त्यानं. मी त्या दिवशी घरी जाऊन रडलो. म्हटलं, हा माणूस सगळं विसरला, पण माझ्या बायकोचं दुखणं नाही विसरला."

"ते मी पढवलं होतं," मेना म्हणाली. "दारात. कोट घालताना."

बेआटचा चेहरा पडलेला तिला दिसला. बोलायला नको होतं असं वाटलं, आणि त्याच वेळी बरंही वाटलं. ती झाडू तिथंच टाकून घरी गेली.

आठ दिवस ती गेली नाही. पाण्यात बुडत असल्यासारखी ती एकटी स्वयंपाकघरात झुंजत होती, आणि दीडशे पावलांवर ही तीन माणसं त्याच माणसाला तोलून धरत होती. एकमेकांना एक शब्द नाही. एकानं जरी तोंड उघडलं असतं, तर ती एखाद्या दुपारी कुणाच्या तरी खांद्यावर डोकं ठेवून निजली असती. राग कुणाचा करायचा, तेच तिला कळेना. तिनंही कुठं तोंड उघडलं होतं?

नवव्या दिवशी दाग्मार आली. मुलांची सुटी झाल्यावर तशीच, स्कीचे जड बूट फरशीवर वाजवत.

"मला एक सांगायचं राहिलंय," ती म्हणाली. "त्या दोघांना नाही ठाऊक. मागच्या मार्चमध्ये मी आणि ओडिलो बाकावर बसलो होतो. चांगला दिवस होता त्याचा. मला म्हणाला, माझं डोकं दगा देत चाललंय, दाग्मार, मला कळतंय. पण मेनाला सांगू नका. तिला वाटतं मी अजून ठीक आहे, तिला तसंच वाटू दे."

मेना वळून शेगडीकडे गेली.

"मी शब्द दिला होता," दाग्मार म्हणाली. "म्हणून त्या दिवशीही गप्प बसले. पण तू आमच्यावर रागावलीस ते बरोबर नाही आणि त्याला न कळताच तो गेला असं तुला वाटत राहणं, तेही बरोबर नाही."

"म्हणजे दारात मी पढवायची, तेव्हा त्याला कळत होतं? मी का पढवतेय ते?"

"ते नाही मला सांगता येणार. कधी कळत असेल, कधी नसेल."

मेना शेगडीच्या दगडावर हात ठेवून उभी होती. तो मान कसा डोलवायचा ते तिला आठवत होतं. आज्ञाधारक मुलासारखी, असं तिला तेव्हा वाटायचं. आता त्या मान डोलावण्यात आणखी काही होतं का, हे ती एकेक दिवस काढून तपासत राहिली, आणि कुठल्याच दिवसाबद्दल तिला खात्री देता येईना. मग तिला रडू आलं. दाग्मार बूट न काढताच तिच्याशेजारी येऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी दोनला मेना मैदानावर हजर होती. बेआटनं तिचा झाडू पुसून ठेवला होता. माफी कुणीच मागितली नाही.

"हिल्डाला सांगितलंस का?" तिनं विचारलं.

"सांगितलं. म्हणाली, मग मेनाला माझी आठवण होती म्हणायची. तेही काही थोडं नाही."

कँडलमासला खालच्या गावाची मंडळी सकाळच्या पाळण्यानं वर आली. तिथं नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत ऊन पडत नाही, म्हणून आल्या आल्या ती सगळी स्थानकाच्या उन्हातल्या भिंतीला टेकून डोळे मिटून उभी राहिली. वरचं गाव सामना सात-तीननं हरलं. त्या तीन गुणांतला एक मेनाच्या दगडाचा. तो गोलाच्या कडेला लागून कसाबसा थांबला, आणि नोल्दीनं टोपी काढून त्याला मुजरा केला.

नंतर गरम वाइन आणि वितळलेलं चीज घेऊन सगळे बाकांवर बसले. खालच्या गावाचा कप्तान, पिउस नावाचा उंच माणूस, पेला घेऊन मेनाजवळ आला.

"ओडिलोची आठवण येते," तो म्हणाला. "शेवटपर्यंत कसा खेळायचा."

होय म्हणून गप्प बसणं सोपं होतं.

"शेवटी त्याला आपले दगड ओळखता येत नव्हते," मेना म्हणाली. "दाग्मार ओरडून सांगायची. दोन वर्षं. आणि घरी मी त्याला वार सांगायचे."

पिउसनं पेला दोन्ही हातांत धरला.

"माझी बायको," तो म्हणाला. "गेल्या उन्हाळ्यापासून. मी अजून कुणाला बोललो नाही. तीच म्हणते, सांगू नको." मग खालच्या आवाजात, "ती संध्याकाळी घरी जायचं म्हणते. घरातच असते आणि घरी जायचं म्हणते. तेव्हा तू काय करायचीस?"

"कोट घालायचे त्याला," मेना म्हणाली. "चर्चला एक फेरी मारून यायचो. परत आलो की म्हणायचे, आलो बघ घरी. बहुतेक वेळा चालून जायचं."

"बहुतेक वेळा?"

"रोज नाही. एकदा त्यानं मला ढकललं. ते मी आज पहिल्यांदा बोलतेय."

पाळण्याची घंटा झाली. खालची मंडळी झाडू गोळा करून निघाली, कुणीतरी पिउसला हाक मारली. तो हलला नाही.

"पुढच्या पाळण्यानं येतो, असं सांग त्यांना," तो बेआटला म्हणाला.

मेनानं बाकावर त्याच्यासाठी जागा केली. "आता ती कुणाजवळ आहे?"

"बहिणीजवळ. फक्त आजच्यापुरती."

"गुरुवारी घेऊन ये इकडे. दोन ते चार या बाकावर ऊन असतं. आम्ही सगळे इथंच असतो."

"तिला अनोळखी माणसं नको असतात आता."

"मग आधी मी येते खाली," मेना म्हणाली. "बुधवारी. पहिल्या पाळण्यानं. काय नाव तिचं?"

"लिदविना," पिउस म्हणाला, आणि ती काय खाते, कशाला घाबरते, कुठलं गाणं अजून पूर्ण म्हणते, ते सांगायला लागला.