नऊ जणांना पुरलेली घोंगडी

नाक मुरडू नका, मित्रांनो. मेंढराचा वास येतोय तो माझाच. मी एक जुनी काळी घोंगडी आहे, आणि या वासाची मला जराही लाज वाटत नाही. का, ते सांगते. बसा.

माझा जन्म मैंदर्गीजवळच्या एका वस्तीवरचा. काशम्माने घरच्या मेंढ्यांची लोकर कातली, तिच्या भावाने मागावर मला विणलं आणि चिंचोक्याची खळ देऊन कडक केलं. पुढे दोन वर्षं पाऊस झाला नाही, मेंढरं मेली. काशम्माचा एकुलता एक मुलगा मायाप्पा अठराव्या वर्षी काम शोधायला मुंबईच्या गोदीकडे निघाला. आईने मला त्याच्या खांद्यावर टाकलं आणि घरच्या कानडीत बजावलं, “कंबळी बिडब्याड.” म्हणजे, घोंगडी सोडू नकोस.

ते दिवस दुसऱ्या महायुद्धाचे. मालवाहू जहाजांना माणसं हवीच होती. गावच्या तळ्यापलीकडे पाणी न पाहिलेला हा धनगराचा पोर जहाजावर आगवाला झाला, म्हणजे खाली बॉयलरमध्ये कोळसा घालणारा. पाळी संपली की मला अंगावर घेऊन तो वर डेकवर यायचा. सोबतीचे खलाशी नाकाला रुमाल लावायचे. “आला बघा मेंढा!” म्हणून चिडवायचे. मायाप्पा हसून सोडून द्यायचा. मला मात्र भारी राग यायचा.

एका दुपारी पाणबुडीने आमच्या जहाजावर पाणतीर सोडला. काय तो आवाज आणि काय तो धूर! जो तो होडीकडे पळाला. मायाप्पाही पळाला, अर्ध्या वाटेत थांबला आणि मला घ्यायला मागे फिरला. “अरे, खुळा की काय तू?” सगळे ओरडले. पण आईने बजावलं होतं ना!

आमच्या होडीत नऊ जण होते. दिवसा मी त्यांच्या डोक्यावर छत धरायचे. तिसऱ्या दिवशी प्यायचं पाणी संपलं. चौथ्या दिवशी आभाळ भरून आलं, तसा मायाप्पा उठला. “चारी टोकं धरा रं हिची,” तो म्हणाला, “आमी रानात असंच पानी धरतो.” माझ्यात मुरलेल्या समुद्राच्या मिठाने पहिल्या सरीचं पाणी खारट झालं, ते त्याने ओतून दिलं. दुसऱ्या सरीला माझी झोळी भरली. पाण्याला मेंढराचा वास होता, मित्रांनो! ज्यांनी नाकाला रुमाल लावले होते, त्यांनीच ओंजळी भरभरून ते प्यायलं. सहाव्या दिवशी दुसऱ्या जहाजाने आम्हाला उचललं, तेव्हा नऊच्या नऊ जण जिवंत होते.

युद्ध संपलं आणि मायाप्पा सोलापुरात एका गिरणीच्या बॉयलरवर लागला. कोळसा तोच, फक्त पायाखालची जमीन हलत नव्हती. गोजाबाईशी लग्न झालं. पहिल्या लेकराच्या बारशाला त्याने मला पसरलं आणि बाळाला माझ्यावर निजवलं. “नऊ जनांना पुरलीया ही,” तो म्हणाला, “हिला पाठ लागली की पोर तगतंय बग.” तेव्हापासून घरात रीतच पडली. चार मुलं झाली, अकरा नातवंडं झाली. दर वेळी मला पसरायचा तोच. उन्हाळ्यात मला ऊन द्यायचा, कडुलिंबाचा पाला घालून घडी करायचा. पाण्यात मात्र कधी बुचकळलं नाही. इतकी माया कुणाच्या वाट्याला येते, सांगा बरं?

गोजाबाई गेली. मायाप्पा सत्त्याण्णव वर्षांचा झाला, नजर गेली, जेवण तुटलं. तेव्हाच त्याची सगळ्यांत धाकटी नात ऋतुजा बाळंतपणाला माहेरी आली. बाळ दिवस भरायच्या आधीच जन्मलं आणि महिनाभर दवाखान्यात काचेच्या पेटीत राहिलं. म्हातारा रोज विचारायचा, “घरला कवा आनताय? येकदा घोंगडी पसरली की मी मोकळा.” तेवढ्यासाठीच तो जीव धरून आहे, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

बाळ घरी आलं, बारसं ठरलं. ऋतुजा स्वतः नर्स. एवढ्याशा जिवाला जंतू लागायला नकोत म्हणून आदल्या दुपारी तिने मला धुण्याच्या मशीनमध्ये घातलं, तेही कडकडीत पाण्यात! मी किती ओरडले, पण घोंगडीचं कोण ऐकतं? लोकर गरम पाण्यात घुसळली की आटते, हे तिच्या पणजीला, काशम्माला, सांगावं लागलं नसतं. ऋतुजाने मेंढरू पाहिलं होतं ते एसटीच्या खिडकीतून. मी बाहेर आले तेव्हा दोन पाटांएवढी उरले होते. पोर मला छातीशी धरून ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे जमले. तिने मला मायाप्पाच्या हातात दिलं. “आजोबा, चुकलं माझं. मी हिला धुतली ओ.”

त्याने एक काठ चाचपला, तर दुसरा लगेच हाताला लागला. मग त्याने मला नाकाशी धरलं. वास तसाच होता.

“आन त्याला हिकडं,” तो म्हणाला. कसाबसा खाली बसून त्याने मला पसरलं आणि बाळाला निजवलं. डोक्यापासून पायापर्यंत हात फिरवून पाहिला आणि बोळक्या तोंडाने हसला. “रडतीस कशापायी गं? नऊ जनांची हुती, आता ह्या येकट्याच्या मापाची झाली की!”

त्या हसण्याने माझं आटणं मी विसरले. दोन महिन्यांनी मायाप्पा शांतपणे गेला. मला त्याच्यासोबत देऊ म्हणाले काही जण, पण त्यानेच सांगून ठेवलं होतं, “ती पोराची हाय.”

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी म्हातारी वस्तू असेल. तिला हात लावण्याआधी घरच्या म्हाताऱ्या माणसाजवळ घटकाभर बसा आणि तिची हकिकत विचारा. ते माणूस आहे तोवरच ती ऐकायला मिळते.

त्या बाळाचं नाव बसू. आता तो चार वर्षांचा आहे आणि मला घरभर फरफटत नेतो. ऋतुजा ओरडते, “बसू, जेवताना तरी सोड की तिला!”

“न्हाय,” बसू म्हणतो.

काशम्मा, ऐकलंस ना? अजून कुणी मला सोडलेलं नाही.