फिरोजी सदऱ्याची खुंटी

मित्रांनो, तुमच्या घरांत कपड्यांसाठी कपाटं असतात, म्हणून खुंटी म्हणजे काय ते आधी सांगते. भिंतीत पक्की रोवलेली, पुढून जराशी वर वळलेली लाकडाची मूठ म्हणजे खुंटी. मी तशीच एक आहे, सागाची, वयाने तुमच्या आजीपेक्षाही मोठी. सध्या मी फार रागात आहे. म्हातारं माणूस रागावलं की मुलं हळूच सटकतात, हे मला माहीत आहे. तरी बसा. माझा राग तुमच्यावर नाही.

माझा जन्म नागपूरजवळच्या खाप्याचा, कन्हान नदीच्या काठचा. तिथे नत्थूजी नावाचे विणकर होते. त्यांचा नवा हातमाग घडवताना सागाचा एक तुकडा उरला. सुतार तो चुलीत टाकायला निघाला, तेव्हा नत्थूजींनी त्याचा हात धरला. "असू दे गा, याची खुंटी कर," म्हणाले. सुताराने मला तासलं, घासलं, तेल पाजलं, आणि नत्थूजींच्या घरात मातीच्या भिंतीत शेणमातीने लिंपून बसवलं.

सुरुवातीला माझ्यावर नत्थूजींची टोपी असायची, मग बाजाराची पिशवी आली. पण मला खरा मालक भेटला तो त्यांचा मुलगा गुलाब. हे पोरगं कधी जवळ येऊन सदरा टांगत नसे. उंबऱ्यावर उभं राहून भिरकावत असे.

"देवके, लागली पैज? इथूनच टांगतो."

"पडन खाली. मंग तूच धुजो!" धाकटी बहीण देवकी म्हणायची.

सदरा हवेतून यायचा आणि त्याची कॉलर बरोबर माझ्या मानेत अडकायची. क्वचित चुकायचा. मग देवकी टाळ्या पिटायची आणि आई पार्वतीबाई आतून ओरडायच्या, "भोक पडन त्याले, आनि शिवावं कोनं? मीनंच ना?"

गुलाब फौजेत गेला. एकाहत्तर सालच्या पोळ्याला सुट्टीवर आला, तेव्हा नत्थूजींनी त्याच्यासाठी फिरोजी रंगाचा नवा सदरा शिवून ठेवला होता. कापड घरच्या मागावरचं होतं. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गल्लीतली पोरं आपापले लाकडी बैल सजवून दारोदार फिरत होती. गुलाब तो सदरा घालून त्यांच्यात सर्वांत मोठं पोर होऊन फिरला. निघताना वर्दी चढवली आणि सदरा उंबऱ्यावरून माझ्याकडे फेकला. बरोबर अडकला.

"आई, कोनाले देजो नको. आलो का हाच घालतो."

मित्रांनो, खुंटीला एवढंच कळतं. माझ्यावर जे टांगतात, ते कुणीतरी पुन्हा काढून अंगात घालणार असतं. मी त्याच्याकडून तो सदरा घेतला, म्हणजे त्याला शब्द दिला.

डिसेंबरात लढाई झाली आणि संपली. गावोगाव पेढे वाटले गेले. आमच्या घरी तार आली. गुलाब होता त्या चौकीवर रात्री हल्ला झाला होता. सकाळी गुलाब मेलेल्यांत नव्हता, जखमींत नव्हता आणि उभ्या राहिलेल्यांतही नव्हता. तारेत लिहिलं होतं, बेपत्ता.

पुढे सीमेपलीकडचे कैदी परत येऊ लागल्याची बातमी आली. नत्थूजींनी माझ्यावरचा सदरा काढला, घडी करून पिशवीत घातला आणि नागपूरच्या स्टेशनावर जाऊन उभे राहिले. पोरगा उतरेल, अंगावर कोण जाणे कसले कपडे असतील, घरी येताना आपला सदरा घालून येईल, असा त्यांचा हिशेब. उत्तरेकडून येणारी गाडी आली की डब्याडब्यात डोकावत. बऱ्याच दिवसांनी ते परतले. सदरा उलगडला आणि माझ्यावर टांगला. त्या दिवशी माग चालला नाही.

त्यानंतर ते कचेऱ्यांत गेले. एका ठिकाणी सांगत, दुसरीकडे विचारा. दुसरीकडे सांगत, साहेब नाहीत. विणकर माणूस, दारात जोडे काढून आत जायचा आणि तसाच परत यायचा. देशाने मुलगा मागितला तेव्हा ज्याने मोठ्या मनाने दिला, तोच मुलगा कुठे आहे हे विचारताना त्या बापाला बसायला बाकसुद्धा मिळू नये? हे मी पाहिलेलं नाही. नत्थूजी घरी येऊन सांगत, तेव्हा ऐकलं आहे. विचारता विचारताच ते गेले.

मग शहाणी माणसं घरी येऊ लागली. म्हणाली, पार्वतीबाई, बारा वर्षं झाली. पिठाचा पुतळा करा, त्याला अग्नी द्या, दहावं घाला, आणि मोकळ्या व्हा. पार्वतीबाईंनी सर्वांना चहा दिला. मग म्हणाल्या, "आधी पाहून या त्याले. मंग सांगा का जाळा म्हनून." पुन्हा कुणी आलं नाही. दर पोळ्याला त्या तो सदरा धूत, वाळवत आणि पुन्हा माझ्यावर टांगत. पाहुण्यांना माझ्यावर काही अडकवू देत नसत.

त्या गेल्यावर खाप्याचं घर विकलं गेलं. देवकीचं सासर नागपुरात, नंदनवन नावाच्या वस्तीत. तिने माहेराहून दोनच गोष्टी मागितल्या, सदरा आणि मी. भिंत फोडून मला काढलं. बसमध्ये ती मला मांडीवर घेऊन बसली होती. नंदनवनातल्या सिमेंटच्या भिंतीत मला बसवायला गवंड्याला फार त्रास झाला. "काकू, इथं खिळा मारून देतो ना, काहून तरास घेता?" देवकी म्हणाली, "खिळा नको. खुंटीच पाहिजे."

पोळ्याचा नेम तिने चालू ठेवला. फिरोजी रंग फिका होत होत आभाळासारखा झाला. कॉलरला माझ्या मुठीचा फुगवटा कायमचा राहिला.

आता रागाचं कारण.

देवकीचा मुलगा रजत कोराडीच्या वीजकेंद्रात आहे. पोरगा वाईट नाही. यंदा वस्तीतल्या मंडळाने ठरवलं की आपल्या चौकाला शहीद गुलाब यांचं नाव द्यायचं. मंडळाचे अंकुशभाऊ पुढल्या निवडणुकीला उभे राहणार आहेत. रजतची छाती फुगली. आई नात्यातल्या लग्नासाठी खाप्याला गेली आहे तोवर घर रंगवून घेऊ, मामाचा फोटो मोठा करून लावू, तिला आनंदाचा धक्का देऊ, असं त्याने योजलं.

रंगवणारा पोरगा शिडीवर होता. त्याला फडकं हवं होतं. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "भाऊ, हे जुनं लटकलं हाय, घेऊ काय?"

रजत फोनवर बॅनरची मापं सांगत होता. त्याने हात हलवला. घे.

मित्रांनो, मला हात नाहीत. असते तर मी तो सदरा सोडला नसता. पार्वतीबाईंनी जपलेला, नत्थूजींनी स्टेशनावर पिशवीत धरून ठेवलेला तो सदरा त्या पोराने ओढला. बाही टर्रकन फाटली. मग त्याने तो रंगाच्या बादलीत बुडवला. माझ्यावर सोनेरी चौकटीतला फोटो चढला. फोटोला चंदनाचा हार.

आपल्याकडे फोटोला हार कधी घालतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. माणूस गेल्यावर घालतात. जिवंत माणसाच्या फोटोला चुकून जरी कुणी घातला, तरी घरातली बाई धावत येऊन काढते.

देवकी परत आली ती पिशवी हातात घेऊनच थबकली. तिने फोटो पाहिला. हार पाहिला. मग मला पाहिलं.

"सदरा कुठं हाय?"

"आई, आधी फोटो तं पाय. केवढा मोठा करून आनला!"

"मी काय विचारून राहिली, रजत? सदरा कुठं हाय?"

रजतला आठवलं. त्याचा चेहराच उतरला. नेमके तेव्हाच अंकुशभाऊ दोन कार्यकर्ते घेऊन आत आले.

"नमस्कार काकू! शहीद गुलाब चौक, बोर्ड बनून राहिला. तुमचा भाऊ अमर झाला म्हना."

"जित्या मानसाले कोनी अमर म्हनते काय गा?"

अंकुशभाऊ हसले. "काकू, एवढे वर्षं झाले. आता तुमाले बी मालूम हाय ना."

"मले नाही मालूम. तुले हाय? तू पाह्यला त्याले मेलेला? कोनं पाह्यला, त्याचं नाव सांग. त्याच्या पाया पडते, मंग घाल हार."

अंकुशभाऊ फोटोकडे पाहू लागले.

"तो येनार नाही, एवढी अक्कल मले बी हाय. येडी नाही मी. पन तो गेला कुठं, हे कोनी सांगतलं काय? बाप विचारता विचारता गेला. माय गेली. आता मी विचारून राहिली, तं तुमी हार आनला. हार घातला का विचारनं बंद!"

"मंग बोर्डावर काय लिहू?"

"बेपत्ता लिही."

"बेपत्ता जवान चौक? लोक हासन काकू!"

"हासू दे. हासता हासता एखादा तरी विचारन, का हा पोरगा गेला कुठं."

अंकुशभाऊ "पाहू" म्हणून गेले. कार्यक्रम ठरल्या दिवशी झाला. भोंगे वाजले, भाषणं झाली. गुलाबचं नाव कुणी घेतलं नाही. मेला म्हणायला परवानगी मिळाली नाही, तर त्यांच्या लेखी तो कधी नव्हताच. एवढीच त्यांची आठवण.

रजतने मात्र बादलीच्या तळातून सदरा काढला. रॉकेलने चोळला, साबणाने धुतला, आईकडे द्यायची हिंमत होईना म्हणून गच्चीवर बसून स्वतःच बाही शिवली. टाके वेडेवाकडे आहेत. छातीवरचा पिवळ्या रंगाचा डाग निघाला नाही. देवकीने तो हातात घेतला. तिने फोटोचा हार काढून कचऱ्यात टाकला, फोटो पलीकडच्या भिंतीवर खिळा मारून लावला आणि सदरा रजतच्या हातात दिला. त्याने तो माझ्यावर टांगला. आता घरी येणारा आधी डागच पाहतो आणि विचारतो, हा कुणाचा? रजत सांगतो, "माझ्या मामाचा. त्याले कोनी शोधलं नाही." मग सगळी हकीकत सांगतो. दर वेळी सांगतो.

मुलांनो, तुम्ही मोठे व्हाल, मंडळं काढाल, चौकांना नावं द्याल. जरूर द्या. पण कुणी हरवलं असेल, तर हार आणण्याआधी त्याला शोधा. शोधता येत नसेल तर विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. ज्याचा पत्ता लागला नाही, त्याला आपल्या सोयीसाठी मारून टाकू नका.

आणि हार घालायचाच असेल, तर भिंतीत खिळे पुष्कळ आहेत. खुंटीवर सदरा आहे.