कुंपणापलीकडचा नर

जपानातल्या नारा शहरानजीकच्या आमच्या गावी कुरामोची तेइझोची आणि माझी मत्स्यतळी एकमेकांस लागून आहेत. मध्ये वेळूचे कुंपण आणि चाळीस वर्षांचा अबोला. पाठीवर पर नसलेला, गोल पाठीचा रांचू जातीचा सोनमासा हे आम्हा दोघांचे दैवत. तेइझोने त्याची उपासना अधिक कठोरपणे केली, हे वैरी असूनही मान्य केले पाहिजे. पन्नास वर्षांत बाहेरचा एकही मासा त्याने आपल्या पाण्यात येऊ दिला नाही. दर वसंतात पांढऱ्या वाडग्यात पिल्ले घेऊन वाकड्या शेपटीची तो वेचून टाकी.

गेली दोन वर्षे वेचण्यासारखे काही उरलेच नव्हते. अंडी दुसऱ्याच दिवशी पांढरी पडून बुरशी धरीत. यंदा माद्यांपैकी एकच म्हातारी शिल्लक होती. ती गेली की वंश संपला. मी त्या दिवसाची वाट पाहत होतो, हे लपवीत नाही.

त्याची सून सावाको एका विद्यापीठाचा उत्क्रांतीवरील विनामूल्य अभ्यासक्रम मोबाइलवर शिकत असे. कुंपणापलीकडून मला सारे ऐकू येई.

"बाबा, सगळे एकमेकांचेच भाऊबहीण झालेत. बाहेरचं रक्त आणल्याशिवाय पिल्लं निघायची नाहीत. पाचव्या धड्यात स्पष्ट सांगितलंय."

"फुकटचा मास्तर! कधी पाण्यात हात घातलाय त्यानं?"

दुसऱ्या दिवशी ती रिकामी बादली घेऊन माझ्या दारी उभी राहिली.

"ओगुशीसान, आठवडाभर एक नर द्याल?"

"देईन. पण शरदातल्या माशांच्या प्रदर्शनात सगळ्यांसमोर सांगायचं, कुरामोचींचा वंश ओगुशीच्या माशानं वाचवला."

तिने बादली पुढे केली. "सांगेन."

मी दया केली नव्हती, सूड घेतला होता. म्हणूनच माझा सर्वोत्तम नर दिला.

गुडघ्यांमुळे तेइझो परसातल्या टबांकडे सहसा फिरकत नसे. सहाव्या दिवशी मात्र गेला. एका टबात माझा नर होता, आणि शेजारच्या टबात टाचणीएवढी असंख्य पिल्ले. आरडाओरडा ऐकून मी बाहेर आलो, तेव्हा घमेले घेऊन तो कुंपणाशी उभा होता.

"घे तुझा दरोडेखोर!" चाळीस वर्षांनंतरचे त्याचे हे पहिले शब्द.

"आणि पिल्लं? ओतून दिलीस?"

"पिल्लं माझ्या मादीची आहेत. सरळ शेपटीची निघाली तर माझ्यावर गेली, वाकडी निघाली तर तुझ्यावर."

"शरदात तुझी सून काय सांगणार आहे, ते कळलंय ना?"

"सांगू दे!" तो सुनेकडे वळला. "विचार त्या फुकट्या मास्तराला, या माणसाचं रक्त किती पिढ्यांत धुऊन निघेल?"

सावाको हात पुशीत पुढे आली. "आपल्याच माशांशी जोड लावत गेलो, तर दर पिढीला निम्मं होईल, बाबा. पण पुरतं कधीच जायचं नाही."

त्याने घमेले असे आपटले की माझे दोन्ही पाय भिजले. मग मागे न पाहता तो आत गेला आणि पांढरा वाडगा घासू लागला. वेचणीला अजून पंधरा दिवस होते.