दाभणाचं भोक

मुंजाजीनं पोरीच्या सायकलची ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवली, तशी बुडबुड्यांची बारीक रांग वर आली. आठवड्यातलं हे तिसरं पंक्चर. कड्याच्या कॉलेजच्या रस्त्यावरच्या बाभळींना शिव्या घालत त्यानं टायरात आतून बोट फिरवलं. शिव्या घालायला बाभळीच बऱ्या, त्या उलटून बोलत नाहीत. पण काटा काही सापडेना. मग त्याच्या ध्यानात आलं, की टायरला भोक खालून नव्हतंच. बाजूला होतं, चांगलं गोल. काटा असा बाजूनं शिरत नाही. पोती शिवायचं दाभण शिरतं.

मोहिनी अंगण झाडत होती.

"कावून गं, कालिजात जायचं न्हाई का?"

"जायचं हाय की."

"मग रस्त्यात कोण हाय?"

झाडू थांबला. "नाव सांगितलं तर तुमी काय करनार, आबा?"

नाव न सांगताच त्याला कळलं. ज्याच्या रानात मुंजाजीच्या शेळ्या चरायच्या, त्या पुढाऱ्याचा पोरगा रोज फाट्यावर जीप लावून बसायचा. येता-जाता मुंजाजीच त्याला रामराम घालायचा.

त्यानं ट्यूब पुन्हा हातात घेतली. ट्यूब घासली, सोल्युशन लावलं, पॅच दाबून बसवला, टायर चढवून टणक हवा भरली. मग उठून मोहिनीनं चुलीमागं लपवलेलं दाभण शोधून काढलं आणि पुढच्या पंक्चरला तिच्या हाताला येईल असं दारापाशी कुडात खोचून ठेवलं.