धोंडीचा बेडूक

२०२३ सालचा ऑगस्ट. इंझोरीच्या शिवारात सोयाबीन फुलावर आलं आणि पावसानं तीन आठवडे तोंड दाखवलं नाही. बायांनी धोंडी काढायचं ठरवलं: मुसळाला कडुलिंबाचे डहाळे आणि जिवंत बेडूक बांधून दारोदार फिरायचं, मग बेडूक सोडून द्यायचा. तो ज्या घरात मेला त्या घरी पाळणा हलत नाही, असं जुन्या बाया म्हणत. बेडूक गोजराबाईच्या घरी ठेवला होता, आणि तिची सून उज्ज्वला सात महिन्यांची गरोदर होती.

गोजराबाईनंच तो हळदीच्या वाफ्यातून खणून काढला होता. लिंबाएवढा, गोलमटोल. ओली माती भरलेल्या मडक्यात ठेवला, तर सकाळी मडकं रिकामं.

"बादलीत टाकला मी," अकोल्यात वाढलेली उज्ज्वला म्हणाली. "बेडकाला पाणी नको का?"

बादली काठोकाठ भरलेली. बेडूक टम्म फुगून आडवा तरंगत होता.

"अवं, हा मातीतला जीव हाय! पाण्यात उतरते तो अंडी घालाले, चार दिवस!"

गोजराबाईनं त्याला तळहातावर घेतलं. लहानपणी बापाच्या बांधावर तिनं असे कितीतरी पाहिले होते. वर्षभर जमिनीत, उधळीवर म्हणजे वाळवीवर जगणारे. हात लावला की फुगणारे. पण हा हलेना. तिनं वाफ्यातली ओली माती मोकळी केली, त्याला वर ठेवलं आणि सुनेच्या पोटाकडे न बघता बसून राहिली.

बऱ्याच वेळानं बेडकाचा गळा थरथरला. फुगवटा उतरला. मागच्या पायांच्या टणक टाचांनी माती उकरत तो उलटाच खाली जाऊ लागला.

तेवढ्यात धोंडी काढणारी केशरबाई मुसळ घेऊन बायांसह दारात. "धर त्याले, गोजरे! चालला ना तो!"

"जाऊ दे. आता काढला तं हातात मरन."

"गावाचं पीक वाळून राह्यलं आन तुले सुनेचं पडलं!"

"हो, पडलं," म्हणत गोजराबाईनं चिखलाचा बेडूक वळला. "हा बांध."

"याचे पाय कुठं हायेत?" मागची एक बाई हसली. केशरबाई हसली नाही, पण तोच बांधून गेली.

पाऊस सप्टेंबरात आला, अर्धं पीक गेल्यावर. उज्ज्वलाला ऑक्टोबरात मुलगी झाली, संस्कृती. आता ती अंगणात पळते. गोजराबाईच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. केशरबाई बारशाला आली नाही. पुढच्या साली ती कामरगावला लेकीकडे राहायला गेली, आणि तिथल्या बायांना अजून सांगते की त्या वर्षीचं पीक गोजरीनं बुडवलं.