बडीशेपेची डबी

श्रीनिवासच्या पोटात दुखत होतं. आणि कुणामुळे, तर स्वतःच्या बायकोमुळे!

झुइडास या उंच ऑफिसांच्या भागात, त्याच्याच ऑफिसात थियागो नावाचा ब्राझीलचा गिटारवाला होता. तो जॅझचा अल्बम करत होता. गिटार त्याची, पियानो एका डच बाईंचा आणि तालाला श्रीनिवासचा तबला. श्रीनिवासने खास सुट्टी काढली, तबला चढवून घेतला आणि रॉटरडॅमच्या स्टुडिओत ऐटीत जाऊन बसला. पण हा गडी दर आवर्तनाला सम अशी दणकून दाखवायचा, की त्यांची तरंगती चाल धाडकन खाली यायची. "पहिल्या मात्रेवर जोर नको," थियागोने दहादा विनवलं. वीस वर्षं घोटलेला हात ऐकतोय होय!

बायको अश्लेषा नुसती सोबतीला गेली होती. बसून बसून कंटाळली, तशी पर्समधली बडीशेपेची डबी त्यांच्या चालीवर हलवू लागली. थियागो उडालाच. "हेच! हेच हवंय मला!"

झालं. तबला गळाला, अल्बमवर नाव आलं अश्लेषाचं.

'मी बोटं झिजवली आणि हिने डबी हलवली!' श्रीनिवास मनात धुमसायचा. ती भांडी आवरताना नुसती गुणगुणली तरी त्याचं डोकं फिरायचं.

"अगं, बास की आता!"

"काय झालं रे?"

"मीटिंग आहे माझी."

शुक्रवारी थियागो त्याच्या डेस्कपाशी आला. "पुढच्या शनिवारी अल्बमचा कार्यक्रम आहे. तू अश्लेषाला जरा..."

"तिला नाही आवडत असलं काही," श्रीनिवासने त्याला पुढे बोलूच दिलं नाही. "त्या दिवशी आपली गंमत म्हणून हलवली तिने डबी." खोटं, चक्क खोटं!

थियागो गोंधळला. "मला तर ती वेगळंच म्हणाली काल."

"काय?"

"नवऱ्याला खाली बसवून मी स्टेजवर चढणार नाही म्हणाली. खूप इच्छा आहे, पण नाही. म्हटलं, तू सांगितलंस तर ऐकेल."

श्रीनिवासला मान वर करवेना. "बघतो," एवढंच म्हणाला.

बुइटनव्हेल्डर्टला घरी पोचला, तेव्हा अश्लेषाने दार उघडलं. "दमलास? चहा टाकू?"

"टाक."

चहा झाला, जेवणं झाली. थियागोचं नाव काही त्याच्या तोंडून निघालं नाही. कार्यक्रमाचा शनिवार आला आणि गेला, तरी नाही.